पहिल्या पंधरवड्यातला राग

नैराश्यावरील औषध सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काही रुग्णांना जी चिडचिड, तगमग आणि क्षणात भडकून उठण्याची अवस्था अनुभवावी लागते, तिची नोंद वैद्यकशास्त्राने कित्येक दशकांपूर्वी घेतली असली, तरी रुग्णाच्या घरात तिला अजून स्वतंत्र ओळख मिळालेली नाही. तेथे ती एक तर ‘मूळचाच स्वभाव’ म्हणून सोडून दिली जाते, किंवा ‘गोळ्यांनी डोके फिरले’ असा निकाल देऊन औषधच बंद केले जाते. या दोन्ही समजुतींत सत्याचा थोडा अंश आहे आणि म्हणूनच त्या सहजी हटत नाहीत. कारण राग हा माणसाच्या आयुष्यात औषधाच्या फार आधीपासून वावरत असतो आणि औषध त्याच्या जुन्या इतिहासात मध्येच कोठेतरी येऊन मिसळते.

हा इतिहास समजून घेण्यासाठी जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या, पंचेचाळिशीच्या एखाद्या शिक्षिकेचे आयुष्य कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. बालपणी तिच्या रागाला हट्ट म्हटले गेले असेल, न्हाणवयात त्याच रागावर ‘मुलीच्या जातीला हे शोभत नाही’ असे सुनावले गेले असेल आणि लग्नानंतर तो गिळण्याची इतकी सवय झाली असेल की, तिला कधी रागच येत नाही असे नातेवाईक कौतुकाने सांगत असतील. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात विषण्णतेचे विवेचन करताना, दुसऱ्यावर असलेला रोष माणूस स्वतःकडेच वळवतो, असे मत मांडले होते. आजचे मानसोपचारशास्त्र या मताला सर्वांगाने मान्यता देत नाही. तरी ‘माझेच चुकले’ हे पालुपद घेऊन वर्षानुवर्षे जगलेल्या बायकांकडे पाहिले की त्या विवेचनाची आठवण होणे साहजिक आहे.

पुढे या बाईला नैराश्य येते. झोप पहाटे तीनला मोडते, वर्गात शिकवताना शब्द सापडत नाहीत, आणि ज्याची कोणी अपेक्षा केली नव्हती ती गोष्टही घडू लागते, म्हणजे ती मुलांवर खेकसू लागते. नैराश्य म्हणजे केवळ रडणे आणि गप्प बसणे, ही समजूत अपुरी आहे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ मॉरिझिओ फावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ‘रागाचे झटके’ या संज्ञेखाली, छातीत धडधड, घाम आणि अनावर संताप असे स्वरूप असलेल्या प्रसंगांचा अभ्यास केला. हे झटके अनेक नैराश्यग्रस्तांत आढळतात आणि बहुतेकांच्या बाबतीत उपचारांनी कमी होतात, असे त्यांना दिसले. म्हणजे जे औषध काहींचा राग वाढवते, तेच इतर अनेकांचा राग निववते, आणि कधी कधी एकाच रुग्णाच्या बाबतीत आधी पहिली व मग दुसरी अशा दोन्ही गोष्टी घडतात.

डॉक्टर तिला एस्सिटालोप्रामची गोळी लिहून देतात. पहिले दोन दिवस थोडी मळमळ सोडल्यास काही जाणवत नाही, आणि मग एका सकाळी कुकरची शिट्टी, नवऱ्याचा चहाचा भुरका, शेजारच्या खोलीत मोबाइलवर चाललेली बातमी हे सगळे एकदम असह्य होते. अंगात बारीक थरथर असते, पाय एका जागी ठरत नाहीत, आणि हातातले उलथने ओट्यावर आपटले गेल्यावर सर्वाधिक दचकते ती तीच. कारण या रागाला कारण नसते, निदान तिला ते सापडत नाही. आयुष्यभर ज्या रागाला कारणे होती तो तिने दाबून ठेवला, आणि जो बाहेर पडला त्याला कारण नाही, ही स्थिती किती लाजिरवाणी वाटत असेल याचा विचार औषध देणाऱ्याने आणि घरच्यांनीही करायला हवा.

शरीरात काय घडते, याचे स्पष्टीकरण बऱ्याच अंशी उपलब्ध आहे. सेरोटोनिन हे चेतापेशींमध्ये निरोप पोहोचवणारे रसायन होय. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या गटातील औषधे ते पेशीत परत शोषले जाण्यास अडथळा करतात, आणि हा अडथळा काही तासांतच सुरू होतो. नैराश्य उतरायला मात्र आठवडे लागतात. मधल्या काळात मेंदूच्या मुळाशी असलेल्या सेरोटोनिन-पेशी वाढलेले प्रमाण ओळखून आपले काम मंदावतात, तर भीती व सावधपणा यांच्याशी निगडित भागांतील काही ग्राहक, म्हणजे रसायनाचा निरोप स्वीकारणारे रेणू, सुरुवातीलाच उद्दीपित होतात असे मानले जाते. नव्या प्रमाणाशी जुळवून घ्यायला मेंदूला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. उत्साहाआधी अस्वस्थता येते ती या विसंगतीमुळे.

हा अनुभव फ्लुओक्सेटिनला अमेरिकेत १९८७ च्या अखेरीस मान्यता मिळण्याच्याही आधीचा आहे. १९५० च्या दशकात आलेले इमिप्रामिन भयाचे झटके येणाऱ्या रुग्णांना दिले असता काहींना सुरुवातीलाच विलक्षण बेचैनी येते, हे डॉक्टरांना ठाऊक होते, आणि म्हणून ते अगदी अल्प मात्रेने सुरू करण्याचा प्रघात पडला. तरीही नव्या औषधांच्या काळात ही जाणीव मागे पडली. १९९० साली मार्टिन टायकर आणि सहकाऱ्यांनी फ्लुओक्सेटिन घेताना तीव्र आत्मघाती विचार आलेल्या सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली, त्यावर मोठा वाद झाला, आणि अखेर मार्च २००४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिलेल्या सूचनेत निद्रानाश व बेचैनीसोबत चिडचिड, वैरभाव आणि उतावळेपणा यांचीही स्पष्ट नोंद झाली. त्याच वर्षी मुले व किशोरवयीनांसाठी ठळक चौकटीतील इशारा आला आणि २००७ मध्ये तो चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांनाही लागू झाला. ज्या तक्रारी रुग्ण इतकी वर्षे करत होते, त्यांना वेष्टनावर जागा मिळायला इतका काळ लागावा, ही खेदाची गोष्ट आहे.

या रागाचे सगळे प्रकार सारखे नसतात. आतून येणाऱ्या हालचालीच्या अनावर ओढीला ‘अकाथिझिया’ म्हणतात. त्यात माणसाला बसवत नाही, उभे राहवत नाही, आणि तिला केवळ चिंता समजून औषधाची मात्रा वाढवली तर यातना वाढतात. त्याहून वेगळी शक्यता उन्मादाची. झोप कमी होऊनही थकवा नाही, बोलणे भरधाव, हातून खर्च सैल आणि कोणी आडवे आले की संताप, असे चित्र दिसल्यास ते नैराश्य मुळात द्विध्रुवी विकाराचा, म्हणजे उदासी व उन्माद आलटून पालटून येणाऱ्या आजाराचा, भाग असू शकते, आणि मग उपचारच बदलावे लागतात. म्हणून घराण्यात कोणाला असे काही झाले होते का, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला गेला पाहिजे; खोलीबाहेर रांग लागलेली असताना तो नेमका राहून जातो.

साधी चिडचिड असेल तर डॉक्टर मात्रा अर्ध्यावर आणतात, काही दिवसांपुरते शामक देतात किंवा औषध बदलतात. मरणाचे विचार येत असतील वा बेचैनी सोसवत नसेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे लागते. भारत सरकारची टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची सेवा मराठीतूनही उपलब्ध आहे. परस्पर गोळी बंद करणे इष्ट नव्हे, कारण अचानक थांबवल्यानेही चिडचिड उसळते, आणि मग ती आजाराची, औषधाची की औषध सोडल्याची, हे कोणालाच सांगता येत नाही.

काही महिन्यांनी बाईंची झोप परत येते, उदासी उतरते आणि शिक्षकांच्या बैठकीत त्या आयुष्यात प्रथमच कोणाला तरी स्पष्ट नकार देतात. घरीही एखाद्या अन्यायाच्या गोष्टीवर आवाज चढतो, आणि त्यावर ‘आज गोळी घेतली नाहीस वाटतं?’ असे विचारले जाते. पहिल्या पंधरवड्यातल्या रागाला औषधाचे कारण होते हे घरच्यांना उशिरा का होईना कळले. पण या नव्या रागाला मात्र कारण आहे, ते गोळीत नाही, आणि ते ऐकून घेण्याची घराला सवय नाही.