सपाता कुणी आणायच्या?

बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' या नाटकावरचा १९३८ सालचा इंग्रजी चित्रपट आम्हांला इंग्रजीच्या तासाला दाखवण्यात आला. लंडनच्या रस्त्यावर फुले विकणारी एलायझा आणि तिला उमरावांची भाषा शिकवायला निघालेला प्राध्यापक हिगिन्स यांची झटापट पाहून सारा वर्ग खळखळून हसत होता. मीही हसले. पण पहिल्या वर्षी माझ्या 'पानी' आणि 'न्हाई'वर पिकलेला हशा त्याच वेळी आठवला.

मूळ नाटकात रंगमंचावर न दिसणारी मेजवानी चित्रपटात थाटात दिसते. एलायझा तिथे सर्वांना जिंकते. घरी परतल्यावर मात्र हिगिन्स आणि पिकरिंग एकमेकांचेच कौतुक करतात. तिच्याशी कुणी शब्द बोलत नाही. मग ती हिगिन्सच्या सपाता त्याच्याच अंगावर भिरकावते. वेंडी हिलरने तो प्रसंग असा उभा केला आहे की हसणारा वर्ग एकदम गप्प झाला. बोली बदलली, पण आता जायचे कुठे? फुलांची टोपली परत घेता येत नाही आणि बंगल्यात हक्काची जागा नाही. सुट्टीत घरी गेले की आई म्हणते, "पाव्हण्यावानी बोलतीस गं!" तेव्हा मला एलायझाचा प्रश्न नेमका कळतो.

शॉने नाटकात तिला हिगिन्सच्या पदरात टाकले नाही. १९१६ साली जोडलेल्या उपसंहारात ती फ्रेडीशी लग्न करते आणि फुलांचे दुकान थाटते. चित्रपटात मात्र ती परत येते, आणि हिगिन्स तिच्याकडे पाठ करून आपल्या सपाता कुठे आहेत, असे विचारतो. प्रेक्षकाला हा शेवट गोड वाटतो. मला तो पटला नाही. ज्या सपाता तिने भिरकावल्या, त्याच तिने आणून द्यायच्या?

पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली 'ती फुलराणी' मराठीत आणली. भक्ती बर्वे यांची मंजुळा मराठी माणसाने आपली मानली, कारण भाषेवरून माणसाची पायरी ठरवण्याची खोड लंडनपुरती नाही. शुद्ध बोलायला मी शिकले, आणखीही शिकेन. तो शिकवणाऱ्यांचा उपकारच आहे. पण उपकाराची फेड म्हणून कुणाच्या सपाता उचलायच्या नाहीत, आणि आईशी बोलताना 'न्हाई' म्हणायला लाजायचे नाही, एवढे मी ठरवले आहे.