विक्रेत्यांच्या परिषदेत एक शिक्षक

आमचे एक जुने विद्यार्थी मार्केटिंगच्या व्यवसायात चांगलेच नावारूपास आले आहेत. त्यांच्या आग्रहावरून गेल्या वर्षी बेळगावात भरलेल्या त्या व्यवसायाच्या दोन दिवसांच्या परिषदेस आम्ही उपस्थित राहिलो. सरकारी मराठी शाळेच्या मुख्याध्यापकाचे तिथे काय काम, असा प्रश्न वाचकांस पडेल. तो आमच्या सौभाग्यवतींसही पडला होता.

पहिला दिवस थाटामाटात गेला. गळ्यातील ओळखपत्रापासून जेवणातील पक्वान्नांपर्यंत कशाचीच उणीव नव्हती. विचारांत मात्र तितकी सुबत्ता दिसली नाही. 'सर्जनशीलता' हा शब्द आम्ही कवितेच्या तासालाही जपून वापरतो. तिथे तो पंक्तीतल्या पापडासारखा वाढला जात होता. दुसऱ्या दिवशी मात्र एका प्रौढ वक्त्यांनी आम्हांस सावरून बसविले. त्यांचे म्हणणे साधे होते : माल कसा खपवावा हे सर्वच विचारतात, घेणारा का घेत नाही, हे त्याच्या ओसरीवर बसून कोणी विचारीत नाही.

हे ऐकताना आमचे मन याच गावच्या एका जुन्या दुकानाकडे गेले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचा व्यवसाय मांडला. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि मग लोखंडी नांगर त्यांनी तयार केले. परंतु लोखंडाने जमिनीत विष भिनते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिल्या नांगरांना गिऱ्हाईक मिळण्यास सुमारे दोन वर्षे लागली. नांगर चांगला होता, पण तेवढ्याने भागले नाही. मातीविषयीची भीती जाईपर्यंत तो दुकानातच राहिला. १९१० मध्ये कारखाना औंध संस्थानात गेला आणि किर्लोस्करवाडी वसली. तिथून शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' काढली. उद्देश गिऱ्हाइकांशी संबंध राखण्याचा. परंतु शंकररावांची दृष्टी मालाच्या यादीवर थांबणारी नव्हती. घेणाऱ्याच्या घरात कोणकोण राहते, त्यांना काय वाचावेसे वाटेल, याचाही विचार त्यांनी केला. त्या पत्रकाचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले; १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' निघाले. आपल्या आज्यांना आणि आयांना ज्यांनी वाचनाची गोडी लावली, त्या मासिकांचे मूळ असे नांगराच्या फाळाशी आहे. परिषदेत याचा उल्लेख कोणी केला नाही, याचे आम्हांस थोडे वाईट वाटले.

आमच्या शाळेच्या पहिलीच्या पटावर तेव्हा अकरा नावे होती. मे महिन्यात दोन शिक्षकांना घेऊन आम्ही घरोघर गेलो. मातृभाषेवरील व्याख्यान मुद्दाम घरी ठेवले होते. ओसरीवर बसायचे, चहा घ्यायचा आणि ऐकायचे, एवढेच ठरले होते. एका घरातील सूनबाई म्हणाल्या, "मराठी घरात आहेच की सर. शाळेत आणि कशाला?" त्यांचे सासरे कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचीत होते. ते हळूच म्हणाले, "थोरल्याला माझं पत्र वाचता येत नाही." सूनबाईंनी मान खाली घातली, पण त्यांचीही चिंता खोटी नव्हती. मुलाला उद्या कन्नडमध्ये अर्ज लिहावा लागेल आणि इंग्रजीत मुलाखत द्यावी लागेल. दुसऱ्या एका घरी कारण अगदीच साधे निघाले : त्या दुसऱ्या शाळेची गाडी दारात येते.

गाडी आमच्या हाती नाही. कन्नड व इंग्रजी वाचनासाठी मात्र शाळा सुटल्यावर रोज पाऊण तास ठेवला आहे. शिवाय मुले दर शनिवारी अर्ध्या कागदाची एक 'खबर' घरी नेतात. मजकूर तीच आणतात : शेतांची जुनी नावे, आजीने सांगितलेली पावसाची लक्षणे, कोणाकडे म्हैस व्याली. शुद्धलेखन आम्ही तपासतो. मजकुरास हात लावीत नाही. एका आईने कुंद्याची कृती पाठविली आणि पुढच्या शनिवारी तीन घरांतून तिच्यावर दुरुस्त्या आल्या.

या जूनमध्ये पहिलीच्या पटावर चौदा नावे लागली. त्या सूनबाईंचा धाकटा त्यांत नाही. तो गाडीनेच जातो. 'खबर' मात्र त्याच्या आजोबांनी मागविली आहे, आणि दर शनिवारी शेजारचा एक मुलगा ती त्यांच्या ओसरीवर पोचवितो.