बदलीचे लाकूड

गेल्या हिवाळ्यापासून माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याची आणि त्याशेजारच्या दोन बोटांची संवेदना मंदावली आहे, आणि ज्या एका कामासाठी लोक सरे परगण्यातील माझ्या लहानशा कर्मशाळेची वाट धरीत, ते काम आता शिष्येच्या हाती सोपवावे लागत आहे. करवत, रंधा आणि पटाशी अजून माझे ऐकतात. परंतु जुन्या ली-एनफील्ड रायफलीच्या पुढच्या दस्त्यात, मागील टोकाशी, जेथे धक्क्याचा सारा भार लाकडावर येतो त्या दोन तिरप्या खांद्यांवर पोलाद सर्वत्र सारखे टेकले आहे किंवा नाही, याची अखेरची ग्वाही डोळा देत नाही, ती बोटानेच द्यायची असते. आणि माझ्या बोटांनी ग्वाही देण्याचे सोडले आहे.

1907 साली ब्रिटिश सैन्यात रुजू झालेली ली-एनफील्डची मार्क तीन रायफल आणि पहिल्या महायुद्धाच्या निकडीत काही भाग वगळून सोपी केलेली तिची पुढील आवृत्ती, या दोन्ही आज संग्राहकांच्या कपाटात आहेत. परंतु त्या संग्राहकांपैकी पुष्कळांना आपली रायफल केवळ कपाटात असून समाधान होत नाही, बिस्लेच्या मैदानावर, जेथे 1890 पासून राष्ट्रीय नेमबाजीचे सामने भरत आले आहेत, तेथे ती खांद्याला लावून पाहावी असे वाटते, आणि ते वाटणे मला सर्वथा योग्य वाटते. अडचण लाकडाची आहे. नळी आणि बोल्ट शतकानंतरही सुमारे 11 ग्रॅम वजनाची गोळी निर्धास्तपणे सोडतात. मात्र शंभर वर्षांत अनेकवार तेल प्यालेले आणि अनेकवार शुष्क झालेले अक्रोड त्या खांद्यांवर दबते, दस्ता केसभर मागे सरकतो, कुंद्याच्या पोलादी बैठकीवर आदळतो आणि मागच्या टोकापासून उभा चिरतो. त्याच लाकडाच्या पुढील टोकाखाली रायफलीचा क्रमांक ठोकलेला असतो, जागोजाग तपासनिसांचे शिक्के असतात, आणि क्वचित रेजिमेंटच्या शस्त्र-कारागिराने कठीण लाकडाचे तुकडे बसवून केलेली डागडुजीही असते. म्हणून मूळ लाकूड उतरवून सुरक्षित ठेवावे आणि नेमबाजीपुरते दुसरे लाकूड चढवावे, हा मार्ग निघाला; त्या दुसऱ्या लाकडावर माझे आयुष्य गेले.

ज्याने हे काम केले आहे त्याला ठाऊक असते की नळीची खाचणी किंवा वरच्या आच्छादनांची जुळणी ही कष्टाची असली तरी कठीण नव्हे. कठीण आहेत ते दोन खांदे. काजळी लावून रायफल बसवावी, उचलावी, जेथे काळे उमटले तेथे पटाशीची धार नुसती फिरवावी, पुन्हा बसवावी. हे वर्णन कोणीही करील. पण खांदे तिरपे असल्यामुळे खालची बैठक किंचित उतरवली की खांद्यांची जागाही बदलते. खांदे जुळवले की पुढच्या स्क्रूभोवतीच्या पोलादी नळकांड्याची उंची अपुरी किंवा अधिक ठरते. आणि ती उंची सुधारावी तर बैठक पुन्हा हलते. नळकांडे लांब राहिले तर स्क्रू पोलादावरच आवळला जातो आणि लाकूड सैल राहते. आखूड झाले तर लाकूड चिरडते. शिवाय दोन्ही खांद्यांनी भार समान घ्यावा लागतो. जोखडाखालच्या दोन बैलांपैकी एकानेच ओढ धरली की गाडी जशी वाकडी जाते, तशी एकाच खांद्यावर टेकलेली रायफल प्रत्येक गोळीमागे लाकडाला पीळ देते. आणि एवढे साधूनही दस्त्याच्या मागे, कुंद्याच्या बैठकीपाशी, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी फट राहिलीच पाहिजे. एकाच दस्त्यासाठी मी आठवडा घालवला आहे आणि त्या आठवड्याचा मोबदला कधी मागितलेला नाही; कारण तो आठवडा माझ्या सुखाचा होता.

ऑस्ट्रेलियातील लिथगोच्या कारखान्याने अक्रोडाऐवजी क्वीन्सलँड मेपल आणि पुढे कोचवुड वापरले, तेव्हा त्या लाकडांचा मऊपणा ओळखून धक्क्याच्या जागी तांब्याच्या पट्ट्या बसवल्या. आमच्या ईशापूरच्या कारखान्याने दस्ता चिरू नये म्हणून त्यातून आडवा स्क्रू घातला. या दोन्ही उपायांविषयी मला आदर आहे, कारण त्यांत लाकडाच्या स्वभावाची जाण आहे. याउलट मूळ दस्त्याच्या खांद्यांत कृत्रिम राळ ओतून एका संध्याकाळी काम निकालात काढणारे जे कारागीर अलीकडे नावाजले जातात, त्यांच्या हातून शतकाचा दस्तऐवज कायमचा बिघडतो असे माझे स्पष्ट मत आहे. यंत्रावर कोरलेले तयार दस्ते विकणारे त्यांच्यापेक्षा बरे, कारण ते निदान मूळ लाकडाला हात लावीत नाहीत. मात्र कोणत्याही रायफलीला तो दस्ता जसाच्या तसा बसेल, हे त्यांचे आश्वासन खोटे आहे. खांदे त्या एका रायफलीसाठीच कापावे लागतात. आणि या सर्वांहून मोठी हानी दुसऱ्या महायुद्धानंतर झाली, जेव्हा सरकारी साठे स्वस्तात विक्रीस निघाले आणि शिकारीसाठी हलकी रायफल हवी म्हणून असंख्य सुंदर दस्ते करवतीने अर्धे कापले गेले. त्या कापलेल्या रायफली आज माझ्याकडे येतात, आणि त्यांच्यासाठी केलेले लाकूड बदलीचे राहत नाही, तेच त्यांचे एकमेव लाकूड होते.

माझा अहंकार कोठे आहे हे मला चांगले माहीत आहे. आपण केलेला दस्ता ओळखू येऊ नये, ही माझी तीव्र इच्छा असे. जवसाच्या तेलाचे थर देऊन, तळहाताने चोळून, महिनोन् महिने वाट पाहून मी नव्या अक्रोडाला जुन्याची छटा आणीत असे, आणि एका जाणत्या संग्राहकाने माझा दस्ता हाती घेऊन 1916 च्या कारागिरीची प्रशंसा केली, त्या दिवशी मला झालेला आनंद आजही ओसरलेला नाही. तरीही रायफलीचा क्रमांक मी नव्या लाकडावर कधी ठोकला नाही. नळीखालच्या खाचेत माझे चिन्ह आणि साल कोरतो, म्हणजे जो दस्ता उतरवील त्याला सत्य समजेल. बाहेरून ओळख पटू नये आणि आतून कोणाची फसवणूक होऊ नये, अशा दोन इच्छा मी एकाच लाकडात बाळगल्या.

माझी शिष्या नवा दस्ता जुना दिसावा म्हणून काहीही करीत नाही. तिचे लाकूड नवे असते, नवेच दिसते, आणि ते तसेच मैदानावर जाते. तिने एकदा मला विचारले, की 1917 साली शस्त्र-कारागिराने चिरलेला दस्ता क्षणाचाही विचार न करता फेकून दुसरा चढवला असता, मग आपण त्याच लाकडाला एवढे का जपतो? मी म्हणालो, त्याच्या पाठीशी भांडार होते आणि रायफल चाकरीत होती; आज तिची चाकरी संपली आहे, भांडार रिते झाले आहे, आणि जे लाकूड उरले आहे तेवढेच उरले आहे. तिला हे पूर्णपणे पटले असे मला वाटत नाही. परंतु खांदे ती माझ्याहून लवकर जुळवते. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काडतुसांच्या पेट्या करीत, तेथील .303 काडतुसांच्या बुडावरची ‘के. एफ.’ ही अक्षरे येथील संग्राहकांच्या खणांत अद्याप दिसतात. पेटीचा जोड बोटाने तपासावा हे मी त्यांच्यापासून शिकलो, आणि काजळीकडे न पाहता, डोळे मिटून खांद्यावरून बोट फिरवणारी ती इंग्रज मुलगी पाहिली की ही विद्या योग्य ठिकाणी पोचली याचे समाधान वाटते.

आणखी एका गोष्टीची चिंता मात्र जात नाही. 1968 च्या ब्रिटिश कायद्यान्वये रायफल बाळगण्यास परवाना लागतो, पण लाकूड हे शस्त्र नव्हे; त्यामुळे धनी वारला की नळी आणि बोल्ट रीतसर व्यापाऱ्याकडे जातात, आणि माळ्यावर ठेवलेले मूळ लाकूड कशाचे आहे हे घरात कोणालाच ठाऊक नसल्याने ते टाकून दिले जाते. असे विभक्त झालेले दस्ते मी जुन्या सामानाच्या ढिगात पाहिले आहेत, क्रमांकासह, रायफलीविना. तेव्हा ज्यांच्याकडे अशी रायफल आहे त्यांना माझी विनंती आहे: मूळ लाकूड सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी आडवे ठेवा, त्याला रायफलीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी बांधा, नव्या लाकडासाठी नळीवरील नेमाची माशी सरकवली असल्यास तिची पूर्वीची जागाही त्याच चिठ्ठीवर नोंदवा, आणि ते कोठे ठेवले आहे हे घरच्यांना आजच सांगून ठेवा.