हातपाय लुळे पडल्यावर काम कोणते?

मानेला मार लागून हातपाय गेलेला रुग्ण घरी आला की नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, हा चालेल कधी?" रुग्णाचा प्रश्न वेगळा असतो. तो बरेच महिने बोलत नाही, आणि विचारतो तेव्हा खोलीत घरचे कोणी नसते. "मी दिवसभर करू काय?"

याचे उत्तर मज्जारज्जूला मार कुठे बसला, तिथून सुरू होते. मानेत नसांच्या आठ जोड्या असतात. चौथीपर्यंत शाबूत असतील तर खांदे उचलता येतात, बहुधा श्वासही स्वतःचा स्वतः घेता येतो. पाचवी वाचली तर कोपर वाकतो. सहावी वाचली तर मनगट वर उचलता येते, आणि गंमत अशी की मनगट उचलले की लुळी बोटेही आपोआप थोडी मिटतात. त्या पकडीत चमचा, पेन, हलका मोबाइल राहतो. म्हणून मालिश करताना मनगट वर असेल तेव्हा बोटे ताणून सरळ करू नका. ती सैल पडली की ही पकड जाते.

माझा एक रुग्ण ट्रॅक्टर मेकॅनिक. विहिरीत सूर मारला, पाणी कमी होते. सहावी जोडी तेवढी वाचली. "याला काहीतरी विरंगुळा द्या," असा सल्ला त्याच्या आईला अनेकांनी दिला. कागदी पिशव्या, मेणबत्त्या वगैरे. मला हा शब्द खटकतो. विरंगुळ्याची कोणी वाट पाहत नाही.

एकदा जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. ट्रॅक्टर चढाला काळा धूर सोडत होता. याने फोन इंजिनाजवळ धरायला लावला, आवाज ऐकला आणि म्हणाला, "इंजेक्टरला हात लावू नको, आधी एअर फिल्टर उघड." फिल्टर धुळीने गच्च भरलेला निघाला.

आता चुलतभाऊ गॅरेज चालवतो आणि हा व्हीलचेअरवर बसून निदान करतो. कमाईत त्याचा ठरलेला वाटा आहे. दर अर्ध्या तासाला पोरे त्याला एका कुशीवर कलवतात, कारण कातडीला दाब कळत नाही. लघवी ठरल्या वेळी नळीने काढावी लागते. अचानक डोके ठणकून चेहऱ्यावर घाम फुटला तर रक्तदाब जीवघेणा चढलेला असू शकतो. तेव्हा त्याला ताठ बसवायचे, पट्टा सैल करायचा, लघवी तुंबली आहे का बघायचे आणि डोके थांबले नाही तर लगेच दवाखाना गाठायचा. पान्यांच्या नंबरांइतकेच हेही पोरांना पाठ आहे.

(सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आले तर 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार त्या कारणाने नोकरीवरून काढता किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही. राजीनामा लिहून देण्याआधी हे माहीत असू द्या.)

मागच्या पेरणीच्या दिवसांत त्याला बसण्याच्या जागी जखम झाली. सहा आठवडे पालथे पडून राहावे लागले. मी ड्रेसिंग उघडत होतो, तेवढ्यात उशीजवळचा फोन वाजला.

"डॉक्टर, दोन मिनिटं थांबा. त्याचा ट्रॅक्टर वावरात उभा आहे."

मी थांबलो.