मोहाखाली उभी राहिलीस ते

उधवा,
होळीच्या आधी दोन दिवस

बाय,

तुझा मेसेज आला तेव्हा मी मोह वेचत होतो. चष्मा घरी राहिलेला, म्हणून धाकट्या नातवाकडून वाचून घेतला. त्याने शाळेत धडा वाचतात तसा खडखडीत आवाजात वाचला : ‘मामा, पोराच्या शाळेच्या फॉर्ममध्ये धर्माचा रकाना आहे. काय लिहू? रिकामा ठेवला तर चालेल का? मी आता कुणाचीच नाही.’ शेवटचं वाक्य त्याने दोनदा वाचलं, कारण त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही. ऐकू आलं होतं. टोपली तिथेच ठेवून घरी आलो. मोह बकऱ्यांनी खाल्ला, तो हिशेब तुझ्या नावावर.

आधी फॉर्मचं उत्तर देतो, म्हणजे तू पुढचं वाचशील. रिकामा ठेव. कुणी कारकून अडून बसला तर सांग, की मुंबई हायकोर्टाने 2014च्या सप्टेंबरात निकाल दिलाय : आपला कोणताही धर्म नाही असं सांगायचा माणसाला हक्क आहे आणि सरकारी यंत्रणा धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही. गंमत बघ, त्या अर्जदारांचा येशूवर विश्वास होता. येशू मान्य, पण धर्म कोणताच नको, तसं राजपत्रात छापून द्या, म्हणून ते कोर्टात गेले होते. तुला वाटत असेल अशी कोंडी फक्त तुझीच झालीये.

जातीच्या रकान्यात मात्र ‘वारली’ लिही, स्वच्छ अक्षरात, खाडाखोड न करता. तो कागद पुढे दाखल्याला लागतो आणि पडताळणी समितीपुढे आजा-पणज्यापर्यंतच्या शाळेच्या नोंदी काढाव्या लागतात. धर्म सुटला म्हणून जमातीचा दाखला जात नाही. अनुसूचित जातींच्या 1950च्या आदेशात धर्माची अट आहे, जमातींना ती नाही. तुझ्या आईला ख्रिस्ती मंडळीतल्या कुणीतरी उलटं सांगून घाबरवलं होतं, आणि बाहेरच्या दुसऱ्या कुणीतरी त्याहून जास्त घाबरवलं होतं. दोघांनाही कायदा ठाऊक नव्हता.

आता माझंही एक ऐक. तुझा शाळा सोडल्याचा दाखला काढून बघ. धर्म-जात : हिंदू वारली. ते अक्षर माझं आहे, तेव्हा शाळेतला मास्तर मीच. तेव्हा तुझी आई दर रविवारी प्रार्थनेला जात होती, घरातला हिरवा देव तिने उचलून ओढ्यापलीकडे ठेवला होता, आणि हे सगळं ठाऊक असून मी लिहिलं ‘हिंदू वारली’. तुझ्या आधीच्या शेकडो पोरांचं तेच लिहिलं. कुणाच्या बापाला विचारलं नाही. वरच्या नोंदीत होतं तेच खाली उतरवत गेलो. इंग्रजांच्या शिरगणतीत आपल्यासारख्यांना निराळा रकाना असायचा, 1951च्या जनगणनेपासून तोही गेला. तेव्हा त्या रकान्यापुढे तू रात्र जागून काढावी एवढी त्याची लायकी नाही. तो भरणारा कोण असतो ते मी आरशात रोज बघतो.

पण तुला रकान्याचं दुखणं नाही, हे मला कळतं. डोशीच्या, तुझ्या आजीच्या, मरणाला तू आलीस आणि बाहेर मोहाखाली उभी राहिलीस, दुखणं ते आहे. हाताची घडी घालून, सरकारी पाहुण्यासारखी. बायका पाणी आणत होत्या, पोरं लाकडं फोडत होती, तुझी मावशी मोठ्या टोपात भात ढवळत होती, आणि जिला डोशीने कडेवर वाढवली ती बाई बोईसरच्या गाडीची वेळ बघत होती. मी रागावलो होतो. अजूनही आहे. तू न जेवता गेलीस हे कळलं तेव्हा तुझ्या थोरल्या मामीने तुझ्या नावाचा भात पानावर काढून ठेवला, तो संध्याकाळी कुत्र्याने खाल्ला. (आमच्या घरी सध्या सगळं जनावरंच खातायत.)

पुढे दिवस घातले त्या रात्री कामडी मेलेल्याची गाणी गायला बसला, तेव्हा तुझी आई आली नाही. तिचं मला समजतं. तिला मनाई आहे आणि ती मनाई तिने स्वतः पत्करली आहे. मी तिला एका शब्दाने दोष देत नाही. विश्वासात गेली त्या वर्षी तुझ्या बापाची दारू सुटली. त्याआधी भगताला कोंबडे किती गेले, बकरे किती गेले, सावकाराकडे काय काय राहिलं, हे तू लहान होतीस म्हणून तुला ठाऊक नाही. मंडळीने तिला अक्षर वाचायला शिकवलं. मी तिचा भाऊ, पेशाने मास्तर, मला ते जमलं नव्हतं. हे लिहिताना अजून टोचतं. पण त्या बदल्यात ताडी गेली, तारपा गेला, महालक्ष्मीची जत्रा गेली, नव्या भाताचं खाणं गेलं, कुणाच्या मांडवातला प्रसादही गेला. तुझ्या वाट्याला तो मोबदला आला नाही, फक्त मनाई आली. तू त्यातच वाढलीस.

आणि मग सुटलं. तू म्हणालीस ना एकदा फोनवर, ‘मी सोडलं नाही मामा, कुणी काढलंही नाही, सुटलं.’ कंपनीची रविवारची पाळी, मग आणखी एक, मग रविवारी सुट्टी असूनही गेली नाहीस. त्यांनी आधी फोन केले, मग घरी आले, मग प्रार्थनेत तुझं नाव घेतलं, आणि मग नाव घेणंही थांबलं. वाळीत टाकणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात 2016चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे, लाखापर्यंत दंड आहे. फोन न करण्याला कलम नाही. आगरकरांची पुण्याच्या सनातन्यांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती, हे मी सातवीला शिकवायचो, पोरं खिदळायची. आता वाटतं, त्या माणसाची निदान तिरडी तरी बांधली लोकांनी, म्हणजे तेवढी दखल घेतली. तुझ्यासाठी कुणी एक बांबू तोडला नाही.

टिळकांचं सांगू का? रेव्हरंड नारायण वामन. वर्गात सांगताना मी घाईत पुढे जायचो, कारण परीक्षेत तेवढंच यायचं : 1895 साली ख्रिस्ती झाले. त्यांची बायको लक्ष्मीबाई मागे राहिल्या, सोवळं-ओवळं घेऊन, आणि मग त्यांचंही एकेक करत सुटत गेलं. पण 1917 साली टिळकांनी मिशनही सोडलं, हे मी कधी सांगितलं नाही. ज्या घरात शिरण्यासाठी आधीचं घर मोडलं, तिथूनही ते बाहेर पडले आणि ‘देवाचा दरबार’ मांडून बसले. 1919 साली वारले, म्हणजे दरबाराला दोन वर्षं जेमतेम मिळाली. तो सगळा उद्योग शहाणपणाचा होता की नाही हे मला ठरवता येत नाही. पण बाहेर पडल्यावर त्या माणसाने लगेच हातात काम घेतलं, हे मला आता या वयात दिसतं.

इथेच माझं घोडं अडतं, आणि तू म्हणशील मामाचं सुरू झालं. होऊ दे. आपल्यात कुणी कुणाला ‘तू काय मानतोस’ असं विचारल्याचं तुला आठवतं का? मला नाही आठवत. विचारतात, ‘तू काय करणार?’ माझा बाप लाल बावट्याचा, कम्युनिस्ट. झरीच्या सभेत गोदावरीबाई परुळेकरांना ऐकून आलेला, 1945च्या ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला ती हकीकत त्याच्या तोंडून आम्ही पंचवीस वेळा ऐकली. भगताची तो भर सभेत टिंगल करायचा. आणि पाड्यात लग्न निघालं की पहाटे पहिला हाच रानात, मांडवाचे मेढे तोडायला. त्याच्या हातचा मांडव वाऱ्यात हलायचा नाही म्हणून लोक त्यालाच बोलवायचे, भगतसुद्धा. कॉम्रेड लोक हसायचे. तो म्हणायचा, भगताचा देव भगतापाशी, मेढे माझे.

तू सोडलीस ती श्रद्धा असेल-नसेल. तुझ्याकडून गेलं ते काम. मंडळीत तुला काम होतं : तू गाणी सांगायचीस, सतरंज्या घालायचीस, आजाऱ्याच्या घरी रात्री बसायचीस. ते गेलं. पाड्यातलं काम तर तुला कुणी दिलंच नव्हतं. म्हणून मोहाखाली उभी राहिलीस, हाताचं काय करावं ते कळेना म्हणून घडी घातलीस. मी तिथून तुला हाक मारून एक हंडा हातात द्यायला हवा होता. दिला नाही. रागाच्या नादात राहून गेलं.

भूकंपाच्या रात्री आठवतात? 2018च्या नोव्हेंबरापासून धुंदलवाडीकडून धरणी गुरगुरायला लागली आणि तो अख्खा हिवाळा आपण अंगणात काढला. थंडी अशी की गोधडी ओली वाटायची. एका टोकाला तुझ्या आईची माणसं डोळे मिटून गात होती, दुसऱ्या टोकाला भगत नारळ घेऊन धरतरीला समजावत होता, आणि मी मधोमध बसून पोरांना भूगर्भातल्या खडकांचं शास्त्र सांगत होतो. कुणाचंच कुणी ऐकत नव्हतं. मग जमीन खालून एकदम ठोसा मारल्यासारखी हलली, पत्रे वाजले, तिन्ही प्रवचनं जागीच बंद. त्या शांततेत डोशी उठली, चूल पेटवली आणि तुला म्हणाली, ‘बाय, पाणी टाक, सगल्यांना च्या कर.’ तू केलास. मंडळीचे, भगत, मी, सगळे त्याच टोपातला प्यायलो. त्या रात्री तू कुणाची आहेस हे तुला कुणी विचारलं नव्हतं आणि तुलाही सुचलं नव्हतं.

आणखी एक आठवतं, ते तुला ठाऊक नसेल. तू सहा-सात वर्षांची असशील. शेजारी लग्न होतं. सवाशिणी भिंतीवर चौक लिहीत होत्या. गेरूची ओली भिंत, करवंटीत कालवलेलं तांदळाचं पीठ, बांबूची काडी. दारातून तू बघत होतीस. लग्नाची गाणी गाणारी धवलेरी गाता गाता थांबली आणि तिने काडी तुझ्यापुढे धरली. तू एक रेघ ओढलीस, वितभर, वाकडी. तेवढ्यात तुझी आई आली आणि दंडाला धरून तुला घेऊन गेली. थोड्या वेळाने मी बोअरिंगवर आलो तर तू हात धूत होतीस. सगळा हात धुतला होतास, एक बोट वर धरून ठेवलं होतंस. मी बघितलं हे तुला कळलं नाही. मी काही बोललोही नाही. तेव्हा मीही मास्तर म्हणून त्या सगळ्यापासून चार हात लांबच होतो. सुटणारा या घरातला पहिला मीच, हे तुला आता सांगतो.

ती धवलेरी म्हातारी झालीय. गाणी तोंडपाठ आहेत, पण डोळ्यांना दिसत नाही, कुणीतरी हात धरून चौकापाशी बसवावं लागतं. महालक्ष्मीची जत्रा उरकली की थोरल्याच्या पोरीचं लग्न आहे. तुझ्या आईशी मी बोललो. ती मांडवात येणार नाही, पण भाताच्या टोपापाशी उभी राहीन म्हणाली. माझ्या दृष्टीने ती आलीच. तुला चौकापुढे हात जोडायची गरज नाही, पाया पडायची नाही, भगताचा शेंदूर नको असला तर कपाळ मागे घे. म्हातारीजवळ बस, तिचा तोल सांभाळ, पीठ सुकलं तर पाणी घाल. आणि गाणी लिहून घे, तुला गळा आहे. मंडळीच्या वहीत गाणी उतरवायचीस त्याच अक्षरात. पोराला आण. तो विचारेल आपण कोण, तर सांग पीठ कालवणारे.

थोडं भीत भीतच लिहितोय. तू हा कागद घडी करून ठेवशील आणि ‘पाळी आहे’ म्हणून कळवशील, हे मला दिसतंय. जावई रात्रपाळीला असतो तेव्हा तू एकटी असतेस आणि दिवा चालू ठेवून झोपतेस, असं पोर बोलून गेलं. खोकला गेला का? बोईसरच्या हवेत औषधांच्या कंपन्यांचा वास असतो, संध्याकाळी खिडकी लावत जा.

डहाणूला उतरलीस की फोन कर, थोरला मोटारसायकल घेऊन येईल. तांदूळ जुना लागतो, नव्याचं पीठ भिंतीला धरत नाही असं म्हातारी म्हणते. तुझ्या मामीने दोन पायली वेगळा काढून ठेवलाय. फॉर्मची शेवटची तारीख कोणती ते तू लिहिलंच नाहीस.

तुझा
मामा