अब्बांची वही
चौसाळ्याच्या घरातली जुनी ट्रंक उघडली, तर अब्बांच्या वहीची माती झालेली. त्यात त्यांनी लिहून ठेवलेल्या दखनी म्हणी होत्या. अम्मी म्हणाली, "दीमक लगी." मला सूरह सबा आठवली. हजरत सुलेमान अलैहिस्सलाम यांची काठी याच किड्याने पोखरली, तेव्हा कुठे त्यांची वफात झाल्याचं जिन्नांना कळलं.

पण हा किडा एकटा खात नाही. वाळवीच्या काही जातींत आतड्यातले एकपेशीय जीव लाकूड पचवतात. कात टाकली की तेही जातात, मग सोबत्यांकडून पुन्हा घ्यावे लागतात. आपल्या रानातल्या वारुळांत तर वाळवी त्यासाठी बुरशीची शेती करते.

वही गेली. आता अम्मीला, फूफीला, अब्बांच्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारत बसलोय. कालपर्यंत अकरा म्हणी परत मिळाल्या.