दुखणं पोस्टवरचं, नोंद छावणीतली

चंदगड
प्रिय दादा,


तुझ्या अपंगत्व पेन्शनचं पहिलं अपील फेटाळल्याचं पत्र गुरुवारी आलं. वहिनीने लिफाफा माझ्याकडे आणून दिला आणि रात्री फोनवर तू म्हणालास, ‘सोड आता.’ फोनवर तू मला पुढे बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

कमरेच्या मणक्यातली गादी सरकली आहे, नस दाबली गेली आहे, अपंगत्व २० टक्के आहे, हे सगळं लष्कराने मान्य केलंय. एवढंच म्हणतात, की हे लष्करी नोकरीमुळे झालेलं नाही आणि नोकरीने वाढलेलंही नाही. कारण काय, तर दुखण्याची पहिली नोंद पीस स्टेशनमधली, म्हणजे शांत भागातल्या छावणीतली.

नोंद पीसमधली का, हे तुला आणि मला दोघांनाही माहीत आहे. काश्मीरात वरच्या पोस्टवर तू मोर्टारची बेसप्लेट पाठीवर घेऊन चढत होतास, तेव्हाच कळ सुरू झाली होती. सुट्टीवर आलास की आईकडून पाठ चोळून घ्यायचास. पण वर असताना एम.आय. रूम, म्हणजे पलटणीचा दवाखाना, गाठायची म्हणजे डोंगर उतरायचा, आपल्या वाटची रात्रीची ड्युटी दुसऱ्याच्या गळ्यात घालायची आणि खालची मेडिकल कॅटेगरी लागली की बढतीचा कॅडर कोर्स आणि प्रमोशन दोन्ही अडकणार. तू गोळ्या खाल्ल्यास, पट्टा आवळलास, गप्प राहिलास. पलटण खाली आल्यावर पायातली चप्पल गळून पडली तरी कळेना, अंगठा वर उचलेना, तेव्हा कुठे तू हॉस्पिटलात गेलास. कागद तिथून सुरू झाला. जिथे सोसलंस तिथे कागद नाही आणि जिथे कागद आहे तिथे तू सोसत नव्हतास, असं त्यांनी धरलं. मला याचाच राग येतो. ज्या गुणासाठी तुमची पाठ थोपटतात, तोच गुण पुढे तुमच्याविरुद्ध पुरावा होतो.

आता नियमांचं सांगते, कारण मी ते वाचले आहेत. तू २०२१ला सुटलास, म्हणून तुला २००८चे एन्टायटलमेंट रूल्स, म्हणजे या पेन्शनच्या हक्काचे नियम, लागू. २१ सप्टेंबर २०२३पासूनचे नवे नियम तुझ्यासाठी नाहीत. २००८च्या नियमांत आपल्याला नडणारं एक वाक्य आहे: आजार नोकरीत असताना दिसला, एवढ्यावरून तो नोकरीमुळे झाला असं ठरत नाही. हे तुझ्यापासून लपवत नाही. पण त्याच नियमांत असंही आहे, की हक्क सिद्ध करायला सामान्यतः अर्जदाराला सांगायचं नाही. धरमवीर सिंग नावाच्या जवानाचा खटला आहे. १९८५ला भरती, १९९४ला फिट्सच्या आजाराने बाहेर, अपंगत्व तुझ्याइतकंच, २० टक्के. सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ला त्याच्या बाजूने निकाल दिला. त्याचं प्रकरण १९८२च्या जुन्या नियमांखालचं होतं, पण तो निकाल आजही आधाराला घेतला जातो. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असं धरायचं, आणि आजार नोकरीमुळे नाही असं म्हणायचं असेल तर मेडिकल बोर्डाने कारणं द्यायची. मे २०२५मध्ये राजुमोन या माजी सैनिकाच्या प्रकरणातही त्याच न्यायालयाने कारणाशिवायच्या बोर्डाच्या मतावर बोट ठेवलं. तुझ्या रिलीज मेडिकल बोर्डाचा फॉर्म १६ काढून बघ. कारणाच्या रकान्यात ‘पीस स्टेशन’ याखेरीज काही नाही. बावीस वर्षांत काय काय वाहिलंस, कुठे चढलास, त्यातलं एक अक्षर तिथे नाही.

पैशाचंही बोलू, तू टाळतोस म्हणून. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, म्हणजे २० टक्क्यांना ६. पण ५० टक्क्यांच्या आतलं अपंगत्व ५० धरायचं असा नियम आहे आणि मुदत पूर्ण करून सुटलेल्यांनाही तो लागू होतो, हे १० डिसेंबर २०१४ला सर्वोच्च न्यायालयाच्या राम अवतार निकालात ठरलं. म्हणजे ६चे १५ होतात. पुण्यात बारा तास गेटवर उभा राहतोस, त्यातले काही तास तरी त्याने कमी होतील.

तू म्हणतोस, ‘ज्यांचे पाय गेले त्यांच्यासमोर मी काय मागू?’ दादा, त्यांच्या ताटातलं तुझ्याकडे येत नाही. आणि मणक्याची जखम वरून दिसत नाही म्हणून ती जखम नाही, असं तू तरी म्हणू नकोस. आपल्या तालुक्यात गल्लोगल्ली फौजी आहेत. बेळगावात भरती निघाली की पहाटे रस्त्यावर पोरं पळताना दिसतात. त्यांच्यातलं कुणी उद्या असंच गप्प राहील, हेही माझ्या डोक्यात आहे.

आपल्या खालच्या आळीतल्या फौजी तात्यांनाही फोनवर हे सांग. ते सुटून बरीच वर्षं झाली, आता काय होणार असं त्यांना वाटतं. तरसेम सिंग नावाचे फौजी १९८३ला बाहेर पडले आणि १९९९ला कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये थकबाकी अर्ज करण्याआधीच्या तीन वर्षांपुरती ठेवली, पण उशीर झाला म्हणून पेन्शनचा दावा बुडाला नाही. मात्र २००८च्या नियमांखाली सुटून १५ वर्षं उलटल्यावर पहिला दावा केला, तर सिद्ध करण्याचं ओझं आपल्यावर येतं. म्हणून तात्यांनी आता थांबू नये.

आपल्याला दुसऱ्या अपिलासाठी पत्र मिळाल्यापासून सहा महिने आहेत. तेही फेटाळलं तर सैन्यदल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ आहे. २००७च्या कायद्याने ते अशा तक्रारींसाठी उभं केलंय. तिथे जावं लागलं तरी मी येईन.

डिस्चार्ज बुक, कॅटेगरीचे सगळे कागद, एमआरआय आणि नर्व्ह टेस्टचे रिपोर्ट यांच्या झेरॉक्स कुरिअरने पाठव. मूळ प्रती कुणाला देऊ नकोस. तुझ्याकडे नाहीत ते माहितीच्या अधिकारात रेकॉर्डकडून मागू, अर्ज मी तयार केलाय. आणखी एक काम फक्त तूच करू शकतोस. पोस्टवर तुझ्याबरोबर असलेल्या दोघा-तिघांना फोन कर आणि तुला तेव्हा काय होत होतं ते त्यांच्याकडून प्रतिज्ञापत्रावर लिहून घे. लाजू नकोस, त्यांनी तुला रात्री कळा सोसत उताणं पडलेलं पाहिलंय. सोमवारी मी कोल्हापूरला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मसुदा दाखवायला जाणार आहे, त्याआधी कागद हातात हवेत.

तुझी,
धाकटी